सह्याद्रीच्या घळी चढणाऱ्यांनी स्की टूरिंगला सुरुवात कुठून करावी?

येऊरची_वाट

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं आहोत. दोघं ठाण्याचे, एक कळव्याची, एक ऐरोलीचा. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, साम्रदची सांधण दरी, नाणेघाटाच्या आसपासच्या कमी वर्दळीच्या घाटवाटा, हे आमचं नेहमीचं. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतून स्कीइंगचे बेसिक आणि इंटरमिजिएट कोर्स झालेत. सोलंगच्या उतारावर वळणं नीट घेता येतात.

आता लिफ्टच्या उतारावर मन रमत नाही. जिथे कुणाचा माग उमटलेला नाही अशा ठिकाणी स्वतःच्या पायांनी वर पोचायचं आणि तिथून स्कीवरून उतरायचं, असं वेड डोक्यात शिरलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौल गाठता येतं. चंद्रा नदीला मिळणारा एक नाला नकाशावर हेरलाय, नाव मुद्दाम देत नाही. तोंड अरुंद, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, काही किलोमीटर आत गेलं की दरी मोकळी होते. वस्ती नाही, मोबाइलला रेंज नाही. फेब्रुवारीत आत तंबू टाकून तीन रात्री राहायचा बेत आहे.

माझं मत असं की सह्याद्रीत घळ वाचायला शिकलेला माणूस तिथलीही वाचू शकतो. भिंतींचा आडोसा मिळतो, वाट चुकायचा प्रश्न नाही, परतीचा रस्ता एकच. हे पटतंय का? ठाण्यात राहून तयारी कशी करावी? सामान विकत काय घ्यावं, भाड्याने काय? मोकळेपणाने लिहा. पटत नसेल तर आवर्जून लिहा.

पारसिककर

मस्त विषय. वाचनखूण साठवली आहे.

नुसताच_वाचक

एक बाळबोध शंका. स्की घालून डोंगर चढतात कसे? मी फक्त उतरताना पाहिलंय. मागे घसरत नाहीत का?

हिमकण

@नुसताच_वाचक, बाळबोध अजिबात नाही, सगळ्यांना पहिल्यांदा हाच प्रश्न पडतो. स्कीच्या तळाला पुढच्या टोकापासून शेपटीपर्यंत एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. एका बाजूला पुन्हा पुन्हा चिकटणारा गोंद असतो. दुसऱ्या बाजूला नायलॉनची किंवा मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीची, आखूड लव असते आणि ती सगळी मागच्या दिशेला झुकलेली असते. स्की पुढे सरकवली की लव दबते, मागे सरकायला लागली की बर्फात रुतून धरते. पूर्वी यासाठी सीलचं कातडं वापरत.

बाइंडिंगही (बूट स्कीला जोडणारा भाग) वेगळं असतं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना खाचा असतात, त्यात बाइंडिंगच्या दोन पिना बसतात. टाच मोकळी राहते, त्यामुळे चालल्यासारखं चढता येतं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी ही कल्पना काढली. आज जगभर बहुतेक टूरिंगवाले याच जातीचं बाइंडिंग वापरतात. माथ्यावर पोचलं की स्किन ओढून काढायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचं.

धागाकर्तीसाठी एक सांगतो. चढताना स्की उचलायची नाही, बर्फावरून सरकवायची. आपण कातळावर पाय उचलून टाकणारी माणसं, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच प्रत्येक पावलाला ते वजन उचलतात आणि तासाभरात कमरेच्या पुढच्या शिरा बोलायला लागतात. दुसरं म्हणजे काढलेल्या स्किन गोंदाला गोंद लावून घडी करायच्या आणि जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवायच्या. सॅकमध्ये टाकल्या तर गोंद थंड पडतो आणि पुढच्या चढाईला त्या चिकटत नाहीत. मग अर्ध्या डोंगरावर टेप गुंडाळत बसावं लागतं. त्या वेळी हातमोजे काढलेले असतात आणि वारा सुटलेला असतो.

नाल्याबद्दल सविस्तर लिहायचंय, रात्री लिहितो.

भटक्या_कळवा

तयारीचं मी सांगतो. मुंब्रादेवीच्या पायऱ्या, पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन, आठवड्यातून दोनदा पहाटे. पाण्याचे कॅन भरून न्यायचे आणि वर ओतून द्यायचे, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. रविवारी येऊर किंवा खारघरची टेकडी, न थांबता, पण बोलता येईल इतक्याच वेगाने. टूरिंग म्हणजे पाच-सहा तास एका लयीत चढणं, तिथे धापा टाकून चालत नाही.

आणि मांड्या! इतकं चढून दमलेल्या पायांनी उतरायचं असतं, हे सगळे विसरतात. चढून झाल्यावर उठाबशा काढा. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला पायऱ्यांच्या शेवटी उठाबशा काढताना पाहून विचारलं, "काय रे, देवीला नवस बोललायस का?"

तलावपाळी

येऊर उतरून मामलेदारची मिसळ हा या व्यायामाचा अविभाज्य भाग आहे, तो राहिला लिहायचा.

भटक्या_कळवा

@तलावपाळी, तो भाग कुणी सांगायची गरज नसते.

कातळप्रेमी

धागाकर्तीशी सहमत. हल्ली प्रत्येक गोष्टीला कोर्स, सर्टिफिकेट, गाइड. आपण घाटवाटा कुठल्या कोर्समध्ये शिकलो? नाळेत दगड कुठून सुटेल, कुठे थांबायचं, कुठे एकेकाने जायचं हे आपल्याला कळतं. डोंगराची नजर ही डोंगराची नजर असते, मग तो काळा असो की पांढरा. चार फिट माणसं, दोन कोर्स झालेले, हवामानाचा अंदाज बघून जा. नाला अरुंद आहे म्हणजे वाऱ्यापासून संरक्षणही आहे.

सीवूड्सकाकू

माझा मुलगा अशाच ग्रुपमध्ये आहे, म्हणून वाचतेय. रेंज नाही म्हटल्यावर तुम्ही घरी कळवणार कसं? सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायची ती छोटी यंत्रं मिळतात ना?

हिमकण

आधी काकूंना उत्तर. काकू, ती यंत्रं परदेशी टूरिंगवाले सर्रास वापरतात, पण आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि तसले मेसेंजर सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. ते घेऊन आलेल्या परदेशी पर्यटकांना विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्यामुळे आपल्यासाठी उपाय जुनाच. कुठून जाणार, कुठल्या दिवशी कितीपर्यंत परत येणार, नाही आलो तर कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून खालच्या गावात एकाकडे आणि घरी एकाकडे द्यायचं. ठरलेली वेळ पाळायची. मदत यायला दिवस लागू शकतो, हे धरूनच बेत आखायचा.

आता नाला. @कातळप्रेमी, तुमची तळमळ कळते. मीही घाटवाटांवरच वाढलो. पण इथे मला ठाम विरोध करायचाय.

सह्याद्रीच्या घळीत वरून येतात दगड आणि पाणी. पाण्याचा हंगाम ठरलेला, म्हणून आपण पाऊस सरल्यावर जातो. घळ तेव्हा रिकामी असते. हिमालयात फेब्रुवारीत तोच आकार भरत असतो. दोन्ही भिंतींच्या वर, खालून अजिबात न दिसणारे उतार असतात आणि त्यांवर साठलेला सगळा बर्फ याच एका पट्ट्यात उतरतो. हिमस्खलन सुटतं ते साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. नाल्याचा तळ मात्र दहा-बारा अंशांचा, म्हणजे पायाखाली जवळजवळ सपाट. माणूस पायाखालचा उतार बघतो आणि निर्धास्त होतो. त्याला गाडणारा उतार चारशे मीटर वर असतो.

दुसरं. मोकळ्या उतारावर छोटं स्खलन आलं तर बर्फ पसरतो, पातळ होतो, माणूस कमरेपर्यंत अडकून सुटूही शकतो. तेवढाच बर्फ अरुंद नाल्यात आला तर त्याला पसरायला जागा नाही, तो ढिगाने साचतो. तीन-चार मीटर खाली गेलेल्या माणसाला प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, लागणं कठीण. बहुतेक प्रोब २४० ते ३२० सेंटीमीटरचे असतात. लागला तरी तितकं खणायला लागणारा वेळ त्याच्याकडे नसतो.

तिसरं, वाऱ्याचा आडोसा. वारा एका बाजूचा बर्फ उचलतो आणि आडोशाच्या बाजूला टाकतो. हिमवर्षाव नसतानाही तासाभरात तिथे जाड, घट्ट थर तयार होतो. तुम्हाला आत वारा लागत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं की तो आपलं ओझं तुमच्या डोक्यावरच्या कडेला उतरवतोय.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा: तीन रात्री. हिमाचल-काश्मीरला हिवाळ्यात बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे. एक विक्षोभ दोन दिवसांत अर्धा-एक मीटर बर्फ टाकून जाऊ शकतो. तो आला तेव्हा तुम्ही नाल्याच्या आत, परतीचा रस्ता एकच आणि तो दोन्ही भिंतींच्या पायथ्यातून. बाहेर निघावं तर धोका, थांबावं तर तंबूही त्याच पट्ट्यात. धागाकर्तीने "परतीचा रस्ता एकच" हा फायदा म्हणून लिहिलाय. माझ्या लेखी याच एका कारणासाठी तो नाला फेब्रुवारीत बाद.

कातळप्रेमी

मुद्दे वजनदार आहेत. तरी विचारतो, तिथली गावातली माणसं हिवाळ्यात या नाल्यांमधून जातातच ना?

पारसिककर

जातात, पण कधी जायचं नाही हेही त्यांना ठाऊक असतं. बर्फ पडला की ती घरात बसतात. आपली सुट्टी मोजकी, परतीचं तिकीट काढलेलं, सोमवारी ऑफिस. खरा फरक तिथे आहे. आम्ही एकदा लाहौलमधल्या सिस्सूला अडकलो होतो, फक्त फिरायला गेलो होतो, स्की वगैरे काही नाही. हॉटेलवाले रोज सकाळी बाहेर येऊन समोरच्या डोंगराकडे बघायचे आणि मान हलवून आत जायचे. शेवटी एका सकाळी म्हणाले, आज निघा, दहाच्या आत बोगदा गाठा. एवढीच सूचना. निघालो.

जोडीला हेही की, लाहौलमध्ये हिवाळ्यात जिल्हा प्रशासन वेळोवेळी ट्रेकिंगवर बंदी घालतं. बेत कुठलाही असो, आधी तिथे विचारा.

वाशी_ते_सॉल्टलेक

मी मूळ वाशीचा, सध्या युटामध्ये. इथे वासॅच पर्वतरांगेत शहराला लागूनच अशा दऱ्या आहेत. लिटल कॉटनवुड कॅन्यन त्यातली प्रसिद्ध. दोन्ही बाजूंना हिमस्खलनाच्या ओळीच्या ओळी, मधून रस्ता. वरच्या आल्टा गावात सरासरी वर्षाला १२ मीटरहून जास्त बर्फ पडतो. वर साठलेला बर्फ वेळीच पाडून टाकण्यासाठी अनेक दशकं लष्करी तोफा वापरल्या गेल्या. फार धोका वाढला की आल्टात इमारतीबाहेर पाऊल टाकायलाच बंदी होते, पर्यटक लॉजमध्ये बसून राहतात. हे सगळं रस्ता आणि गाव असलेल्या दरीत, जिथे रोज सकाळी हिमस्खलन केंद्राचा नेमका अंदाज येतो, कुठल्या दिशेचा, किती उंचीवरचा उतार धोकादायक आहे इथपर्यंत.

तरीही ६ फेब्रुवारी २०२१ ला शेजारच्या मिलक्रीक कॅन्यनमध्ये, विल्सन ग्लेड नावाच्या जागी, दोन वेगवेगळ्या गटांतले आठ स्कीअर एकाच स्खलनात सापडले. चौघं गेले. ती माणसं नवखी नव्हती, सगळ्यांकडे सामान होतं. उतार तीस अंशांच्या जेमतेम वर. त्या हिवाळ्यात सुरुवातीच्या कोरड्या थंडीमुळे तळाशी कमकुवत थर झाला होता आणि वर नव्या बर्फाचं ओझं आलं होतं.

मी त्यानंतर बराच काळ डोंगरात गेलो नाही. आता जातो, पण अंदाजात धोका वाढलेला असला की २५ अंशांच्या आत, झाडांमधल्या मंद उतारांवर. मजा येते. खरंच येते. ताज्या बर्फात मंद उतारावरून तरंगत उतरण्यासारखं सुख नाही आणि डोकं शांत असतं.

नुसताच_वाचक

कमकुवत थर म्हणजे? बर्फ तर बर्फच ना?

वाशी_ते_सॉल्टलेक

नाही, प्रत्येक हिमवर्षाव एकेक थर. हंगामाच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून नंतर बरेच दिवस कोरडी थंडी राहिली, की जमिनीजवळच्या उबेमुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि खालचे कण मोठे, टोकदार, साखरेसारखे सुटे होतात. त्यांची एकमेकांशी पकड नसते. त्यावर नंतर जाड थर बसला की आख्खी लादी सुट्या दाण्यांवर उभी. स्कीअरच्या वजनाने खालचा थर दबतो, दबल्याची लाट पसरते आणि लादी वरून तुटून निघते. असं दबताना कधी कधी "व्हुम्फ" असा दबका आवाज येतो किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळत जाते. असं झालं की तिथून मंद उताराकडे मागे फिरायचं, त्यावर चर्चा नाही.

हिमकण

अनुमोदन. आणि आपल्याकडे कोरडी सुरुवात आता नवी राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, मैदानाची माती दिसत होती. बर्फ आला तो महिनाअखेरीला आणि फेब्रुवारीत. २२ फेब्रुवारीला तिथल्या स्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याच्या आदल्या वर्षी १ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या अफरवत डोंगराच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले होते.

आपल्याकडे अंदाज देते डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, म्हणजे पूर्वीची सासे. तिचा इशारा जिल्ह्याच्या पातळीवर, उंचीच्या पट्ट्यानुसार असतो. तो रोज बघायचाच. पण तुमच्या नाल्यातल्या डाव्या भिंतीवर काय आहे ते त्यात नसतं, ते स्वतः खणून बघावं लागतं. आणि खणून काय बघायचं ते कुणीतरी हाताला धरून शिकवावं लागतं.

डॉक्टर_घोडबंदर

वैद्यकीय बाजू थोडक्यात. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस थंडीने मरतो असा समज आहे. पूर्ण गाडल्या गेलेल्यांत बहुतेकांचा मृत्यू गुदमरून होतो. उरलेले मुख्यतः खडकांवर, झाडांवर आपटून. स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा श्वासात येतो, तोंडासमोरचा बर्फ ओला होऊन गोठतो आणि हवा बंद होते. स्वित्झर्लंडच्या जुन्या आकडेवारीनुसार पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९०% वाचतात, ३५ मिनिटांपर्यंत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. २०२४ च्या नव्या अभ्यासात तर ती सुरुवातीची सुरक्षित वेळ १० मिनिटांपर्यंत आखडली आहे.

याचा अर्थ सरळ आहे. हेलिकॉप्टर, पोलीस, लष्कर, कुणीही दहा मिनिटांत येत नाही. वाचवणार ते तुमच्या सोबतचे तिघं. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल शोधणारं, अंगावर बांधायचं छोटं यंत्र), प्रोब आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे, आणि ते वापरायची सवय प्रत्येकाला. चौघांत दोन संच असं चालत नाही. जो गाडला जाईल त्याच्याकडेच फावडं असेल तर काय करणार?

बाहेर काढल्यावर आधी तोंड-नाक मोकळं करा, श्वास बघा, नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात.

उंचीचंही लक्षात असू द्या. मुंबईहून विमानाने जाऊन दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार मीटरवर राहायला जाऊ नका. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही.

ओलाचिंब

ट्रान्सीव्हरचा सराव आम्ही सोसायटीच्या गच्चीवर करतो! एक जण कुठेतरी लपवतो, बाकीचे बाणाच्या मागे मागे शोधतात. मागच्या वेळी तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडयांच्या चादरीखाली सापडला. आजींनी आधी आम्हाला फैलावर घेतलं आणि मग चीक खायला दिला.

हिमकण

@ओलाचिंब, चीक मिळत असेल तर गच्ची सोडू नका, पण सराव मोकळ्या जागी करा. स्लॅबमधल्या सळया, लिफ्टची मोटर, डिश, सगळ्यांनी सिग्नल बिघडतो आणि बाण भलतीकडे दाखवतो. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं यंत्र आहे, विजेच्या उपकरणांचा त्याला त्रास होतो. म्हणूनच डोंगरात फोन बंद किंवा फ्लाइट मोडवर ठेवतात आणि ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटीमीटर लांब. शोधत असताना किमान ५० सेंटीमीटर.

मोकळं मैदान घ्या. यंत्र कापडी पिशवीत घालून वाळूत किंवा पालापाचोळ्यात पुरा. बाण सरळ रेषेत नेत नाही, वळणाने नेतो, कारण तो चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून चालवतो. त्यामुळे आकडा कमी होत असेल तर वळणाला घाबरायचं नाही. शेवटच्या तीन मीटरमध्ये यंत्र जमिनीलगत धरायचं आणि हळू. मग प्रोब, बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात, सर्वात लहान आकड्यापासून गोल फिरत २५-२५ सेंटीमीटरवर. लागला की काढायचा नाही, तिथेच ठेवायचा. खणायला उताराच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची, सरळ खाली खड्डा नाही. एक पुढे बर्फ फोडतो, बाकीचे मागे ढकलतात, मिनिटा-दीड मिनिटाने जागा बदलतात. खणणं सगळ्यात जास्त वेळ खातं आणि सरावात सगळे तेच गाळतात.

सीवूड्सकाकू

वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं कुणीतरी इतकं स्वच्छ लिहिलं. मुलाला धागा पाठवला. तो म्हणाला, आई, आम्ही तर हेल्मेटवरच खूश होतो.

तलावपाळी

जरा वेगळं विचारतो. स्की न्यायच्या कशा? विमानात जादा सामानाचे पैसे भरून जीव जातो.

पारसिककर

रेल्वे. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने कटरा, आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरकडे रेल्वे सुरू झालीय, चिनाब पुलावरून. वेळ भरपूर लागतो, पण हळूहळू उंची चढत जाता, डॉक्टरसाहेब खूश होतील. स्कीची पिशवी वरच्या बर्थवर भिंतीच्या कडेला लावायची आणि आपण तिच्याशेजारी आडवं व्हायचं. डब्यात प्रत्येक जण विचारतो, क्रिकेटचं किट आहे का म्हणून. होकार देऊन झोपायचं.

येऊरची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल चौघं तलावपाळीवर बसून सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. फेब्रुवारीतला नाला रद्द. तीन रात्री आणि एकच रस्ता, याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

नवा बेत असा. फेब्रुवारीअखेर गुलमर्ग. पहिले काही दिवस स्थानिक गाइडसोबत हिमस्खलनाचं प्राथमिक प्रशिक्षण, मग मैदानाच्या आसपासच्या झाडांमधल्या, ३० अंशांच्या आतल्या उतारांवर स्किन लावून रोज जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मुक्काम गावात. ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं विकत. स्की, बूट, स्किन भाड्याने. बरोबर जमतंय का? आणि गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन तिथून पुढे चढलं तर चालेल का?

हिमकण

उत्तम बेत. बूट भाड्याने घेताना आपल्या मापाचा टूरिंगचाच बूट, घोट्याला चालायची मोकळीक असलेला, मिळतोय का ते आधी फोनवर पक्कं करा. साधा रिसॉर्टचा बूट घालून चढलात तर पहिल्याच दिवशी टाचा सोलून निघतील. स्किनही त्याच स्कीच्या मापाच्या हव्यात, तळाच्या दोन्ही कडा उघड्या राहतील इतक्याच रुंद.

गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,०५० मीटर, तिथून चालेल. दुसरा टप्पा थेट ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. उंचीची सवय नसताना नको, आणि अफरवतच्या धारेवरून आखलेल्या हद्दीबाहेर उतरणं तर या खेपेला अजिबात नको. हद्दीच्या आत स्की पेट्रोल (उतारांची सुरक्षा बघणारी तुकडी) स्फोट घडवून बर्फ पाडते, बाहेर कुणी हात लावलेला नसतो. दोरीच्या या बाजूला आणि त्या बाजूला दिसायला बर्फ एकसारखाच, म्हणून नवखा फसतो. ८ फेब्रुवारी २०१० ला याच गुलमर्गमध्ये लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान प्रशिक्षण चालू असताना स्खलनात गेले. ती तर बर्फातच घडलेली माणसं.

कातळप्रेमी

हा आकडा वाचून थांबलो. एक प्रश्न राहतो. तो नाला कायमचाच बाद का? अशा जागी कधीच जायचं नाही असं असेल तर मन मानत नाही.

हिमकण

कायमचा बाद असं मी म्हणणार नाही. एप्रिलअखेर-मे मध्ये दिवसा बर्फ वितळतो, रात्री गोठतो, असं बरेच दिवस चाललं की थर एकमेकांत बसून जातात. मग पहाटे तीन-चारला निघायचं, गोठलेल्या बर्फावरून चढायचं आणि ऊन भिंतींवर येऊन बर्फ मऊ पडायच्या आत नाल्याबाहेर. रात्र स्वच्छ नसेल, ढगांमुळे बर्फ गोठला नसेल, तर निघायचंच नाही. त्या दिवसांतही तंबू नाल्याच्या तोंडाबाहेर, उंचवट्यावर. आणि पहिल्यांदा त्या दऱ्या ओळखणाऱ्या माणसासोबत. पहाटेचा अंधार, निघायची ठरलेली वेळ, ऊन डोक्यावर यायच्या आत बाहेर, हे सगळं सह्याद्रीवाल्यांना चांगलं जमतं, @कातळप्रेमी. तुमची डोंगराची नजर तिथे पुरेपूर कामी येईल. या फेब्रुवारीत बर्फाची नजर कमवून घ्या.

भटक्या_कळवा

मी पण येतो गुलमर्गला. पाचवा चालेल का?

येऊरची_वाट

चालेल. पण तुझा संच तुला आणावा लागेल. डॉक्टरांनी बजावलंय.

पारसिककर

माझ्याकडे दोन ट्रान्सीव्हर आणि एक ३०० सेंटीमीटरचा प्रोब आहे, सरावापुरते घेऊन जा. शनिवारी सकाळी साडेसहाला खारघरच्या सेंट्रल पार्कच्या गेटपाशी भेटू. कोपऱ्यातल्या मोकळ्या गवतावर जागा भरपूर आहे. सुरक्षारक्षकांना आधी सांगून ठेवतो, नाहीतर टिकटिक वाजणारी पिशवी लपवणारी माणसं बघून त्यांची धावपळ उडेल. येणाऱ्यांनी बॅटरीचे अल्कलाइन सेल नवे आणा, चार्ज करायचे नकोत.

ओलाचिंब

मी येतोय. फावडीही आणतो, खणायचा सराव गवतावर नाही, शेजारच्या बांधकामाच्या वाळूवर करू, मुकादम ओळखीचा आहे.